सातवं कलम

३ नोव्हेंबर
आणि पुन्हा तेच! सँडी म्हणे, "ऑली, तुझ्याच्यानं व्हायचं नाही." व्हायचं नाही म्हणजे काय? चार वर्षं झाली ऑर्कनीचं बेट सोडून. इकडे हडसनच्या उपसागरामागच्या जंगलात बीव्हरची कातडी मोजतोय, आणि सख्खा थोरला भाऊ पत्रात लिहितो काय, तर बोटीत निम्मा वाटा हवा असेल तर पुढच्या जहाजाने आठ पौंड पाठव, नाहीतर शेजारच्या रेंडालला घेतो. वर आणखी, "मग परत येऊन करशील काय? शेवाळ गोळा करशील?" पत्र सप्टेंबरात आलं. तेव्हापासून मनातल्या मनात उत्तरं देतोय. आज कागदावर देतो: पाठवीन.

कारण आजपासून या कातड्यांच्या व्यापारी ठाण्याचा प्रमुख मी. थॉर्नबरीसाहेबांची दाढ सुजली. ते खाली किनाऱ्यावरच्या मोठ्या किल्ल्यात डॉक्टरकडे गेले. बर्फ वितळेपर्यंत येत नाहीत. पगार सहा पौंड, कातडी भरपूर आली तर बक्षीस दोन. झाले आठ. एवढं सोपं आहे.

साहेब सूचनांचा कागद ठेवून गेलेत. चौदा कलमं. तीन वाचली. अक्षर गिचमिड. रोज एक वाचायचं ठरवलंय.

९ नोव्हेंबर
शाई गोठली. बगलेत धरून पातळ केली. तेवढ्यात वाचायचा मूड गेला. चौथं कलम उद्या.

२ डिसेंबर
स्टोअरमध्ये घाण वास. शोधलं, तर साहेबांनी शरद ऋतूत घेऊन ठेवलेले आठ कोट. इथले क्री शिकारी लोक बीव्हरची कातडी शिवून, केसांची बाजू आत करून अंगावर घालतात, ते. दोन-दोन हिवाळे वापरलेले, तेलकट, मळलेले, लांब केस झडून गेलेले. साहेबांना लोकांनी चिंध्या विकल्या! दाढ दुखत असली की माणसाचं लक्ष नसतं.

लिंकलेटरला सांगितलं, पाणी तापव, हे धुवायचे. लिंकलेटर सुतार, माझ्याच बेटावरचा, साठीचा. ठाण्यावर आम्ही दोघंच. म्हणाला, "बाळा, साहेब त्याला हात लावू देत नाहीत." मी म्हटलं, साहेब आता मी आहे. म्हणाला, "मग साबणही साहेबांनीच लावावा," आणि रंधा मारत बसला. आळशी माणूस. ऑर्कनीतून इतक्या लांब येऊनही सुधारला नाही.

३ डिसेंबर
धुतले. कढत पाणी, राखेचा साबण. पाणी काळं झालं. समाधान वाटलं. बाहेर वाळत घातले.

४ डिसेंबर
कोट दारांच्या फळ्यांसारखे ताठ झालेत. भिंतीला टेकवून उभे केले. लिंकलेटरने एकाला वाकून विचारलं, "साहेब, आत येता का?" मी हसलो नाही. प्रमुखाने हसायचं नसतं.

शेकोटीपुढे आणून मऊ केले. चार चिरले. केसांचे गोळे झाले. उरलेले बरे दिसतात, लांबून.

२५ डिसेंबर
ख्रिसमस. लापशीत मनुके घातले, सहा. चौथं कलम वाचलं: बंदुकीची दारू कोरडी ठेवावी. हे काय सांगायला पाहिजे? बाकीचीही अशीच असणार.

२० जानेवारी
वापोस आला. या भागातला सगळ्यात मोठा शिकारी, अकरा होड्यांचा म्होरक्या. सोबत त्याची बायको. या लोकांची रीत अशी की आधी चिलीम, मग गप्प बसणं, मग पुन्हा चिलीम, आणि मग कुठे धंद्याची गोष्ट. मी पहिल्या चिलमीतच मुद्द्यावर आलो. वेळ म्हणजे पैसा.

दोघांच्याही अंगात तसलेच तेलकट कोट. मी स्पष्ट सांगितलं: वसंतात कोरी कातडी आण, अंगावरची जुनेरं चालणार नाहीत.

वापोसने चिलीम खाली ठेवली. मग म्हणाला, "पोरा, तुझा साहेब तर हेच आधी मागतो."
मी म्हटलं, साहेबांना फसवलंत, मला नाही फसवणार.
म्हातारी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, चला, याला नवी झूल पाहिजे." वापोस हसला नाही. तो म्हणाला, "एकदा सांगितलं."

वचकून गेले असावेत.

१९ मे
नदी मोकळी. अकरा होड्या आल्या! रात्रीच गणित केलं: आठ पौंड, वर कदाचित आईला शाल.

२० मे
शंभरभर कोरी कातडी, आणि कोट एकोणसत्तर! बायकापोरांनी सगळ्यांनी हिवाळाभर घातलेले. मी कोटांचा ढीग पायाने बाजूला सारला. वापोस म्हणाला, "तुझ्या साहेबासाठी आम्ही यांत दोन हिवाळे घाम गाळला. दुसऱ्यांदा सांगतोय. तिसऱ्यांदा मी फक्त माझ्या मुलाला सांगतो."

मी ठाम राहिलो. त्याने सगळं उचललं, कोरी कातडीसुद्धा, आणि होड्या पलीकडच्या काठाला वळवल्या. तिकडे फ्रेंच व्यापारी गास्पारचं दुकान आहे.

लिंकलेटर हातोडी खाली ठेवून बघत होता. म्हणाला, "राजा, मागे धाव." मी म्हटलं, प्रमुख धावत नसतो. चिंध्या गास्पारच्या गळ्यात पडल्या, बुडेल तो. कोरी कातडी घेऊन उद्या परत येतील.

२२ मे
आले नाहीत. पण गास्पारने माणसाबरोबर ब्रँडीची बाटली पाठवली! निरोप: "ऑलीमहाशयांचे मनापासून आभार, पुढच्या वर्षीही आपणच असावं." घाबरलाय. जुळवून घ्यायला बघतोय. बाटली फोडायची नाही, पुरावा म्हणून ठेवायची.

२३ मे
गारठा फार होता. पुरावा संपला.

११ जून
थॉर्नबरीसाहेब आले. दाढ नाही, गाल बसलाय. स्टोअर उघडून बघितलं. मग धुतलेले कोट बघितले. ओरडले असते तर बरं झालं असतं. खिळ्याला टांगलेला कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "सातवं. मोठ्याने."

वाचलं. मला अक्षर जुळवायला वेळ लागतो, साहेब थांबून राहिले. "अंगावर वापरलेले कोट सर्वांत आधी घ्यावेत. लांब केस झडून आतली लव तेलाने मऊ झालेली असते. लंडनचे टोप्या बनवणारे त्याला कोऱ्या कातड्याहून जास्त भाव देतात. कोणत्याही कारणाने धुऊ नयेत."

"कोणत्याही कारणाने" खाली दोन रेघा आहेत. लांबूनही दिसतात.

मी लिंकलेटरला म्हटलं, तुला माहीत होतं तर नीट का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगितलं. वापोसनेही दोनदा सांगितलं. तू प्रमुख होतास."

१२ जून
साहेबांनी वापोसकडे माणूस पाठवला होता. निरोप आला की तो मुलाशी बोलतोय.

१४ जून
साहेबांच्या होड्या उद्या किनाऱ्याकडे निघणार, तिथून जहाज. आठ कोटांचे पैसे पगारातून कापले. बक्षिसाचं मी विचारलं नाही. स्टोअरमधून मी वर्षभर उधारीवर उचललेली तंबाखू मनात होती त्याच्या तिप्पट निघाली.

सँडीला पत्र लिहायला बसलो. चार वेळा फाडलं. शेवटी एवढंच लिहिलं की रेंडाल चांगला माणूस आहे, वल्हं मारताना डावीकडे ओढतो, तेवढं सांभाळ. मी अजून तीन वर्षं इथे आहे.

लिंकलेटरने दोन शिलिंग पत्रावर ठेवले आणि परत रंध्याकडे गेला. परत द्यायला गेलो तर म्हणाला, "साबणाचे समज."

आईच्या नावे, त्याचे दोन धरून, सात शिलिंग.