बाबांच्या खिशातलं सोनं

२२ सप्टेंबर
आज घटस्थापना, आणि आजच नवी नोकरी! डोंबिवली एमआयडीसीतली छोटीशी प्रयोगशाळा आहे. दिवा स्टेशनजवळची खोली सोडून बाबांना घेऊन जवळच राहायला आले. इथे निदान नळाला पाणी येतं. बाबा धापा टाकत का होईना, जिना चढले. याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात त्यांनी फुप्फुसं घालवली आणि निरोपाला त्यांना मिळालं एक भिंतीवरचं घड्याळ. असो. आज चिडायचं नाही. आमच्या मॅडम, डॉ. नयन, बऱ्या वाटल्या. आल्याआल्या चहा पाजला.

२५ सप्टेंबर
आमची प्रयोगशाळा जिच्यावर काम करते, त्या बुरशीची कुळकथा मॅडमनी आज सांगितली. हिच्या पूर्वजांना आपल्यासारखाच श्वास लागायचा. मग ते गुरांच्या पोटात राहायला गेले, जिथे हवाच नाही. हळूहळू श्वासाची जनुकं गळून पडली, आणि हवेवाचून जगायची जनुकं शेजारच्या जिवाणूंकडून उचलली. उसनवारीवर संसार, आमच्यासारखाच. हिला काचेच्या बिनहवेच्या पेटीत ठेवतात. हवा लागली की मरते, त्यामुळे भीती नाही, असं मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, जी घेते ती कुणाला देतही असेल ना?

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. सगळ्या यंत्रांची पूजा झाली. पेटीला हळदकुंकू, झेंडूचा हार. आपट्याच्या पानांची जुडी मॅडमनी हौसेने पेटीच्या आतच ठेवली. म्हणाल्या, वर्षभर हीच आपल्याला पोसते, सोनं आधी तिला. संध्याकाळी तीच पानं सगळ्यांना वाटली.

२ ऑक्टोबर
दसरा. बाबांना सोनं दिलं, पाया पडले. त्यांनी पान शर्टाच्या खिशात ठेवलं. दरवर्षी तिथेच ठेवतात.

६ ऑक्टोबर
बाबांची धाप थांबली! दम्याचा पंप चार दिवसांत हातात घेतला नाही. आज स्वतः खाली जाऊन भाजी आणली. मी मोरीत जाऊन रडले. एवढंच की त्यांच्या तोंडाला नासलेल्या दह्यासारखा वास येतो.

८ ऑक्टोबर
शर्ट धुवायला घेतला. खिशातलं पान अजून हिरवंगार. त्यावर पांढरे तंतू, उघड्या हवेत. ते कापडातून आरपार बनियनपर्यंत गेलेले.
मॅडमना फोन केला. शक्यच नाही म्हणाल्या. पण प्रत्येक वाक्याआधी हवा ओढल्याचा आवाज, मग बोलणं, मग काहीच नाही. फोन बंद पडला असं वाटावं इतकं काहीच नाही.

९ ऑक्टोबर
दुपारी बाबा झोपले होते. छाती हलत नव्हती. नाकाशी आरसा धरला — स्वच्छ. मी किंचाळले.
त्यांनी डोळे उघडले. आधी छाती भरून घेतली, मग बोलले. आता बोलण्यापुरतीच लागते, म्हणाले. “या हवेनेच मला खाल्लं गं. आता मला तिची गरजच नाही.”
आई गेल्यापासून इतके खूश कधी दिसले नव्हते. मला त्यांची भीती वाटते. माझ्या बाबांची.

१० ऑक्टोबर
धावत जाऊन बुरशी मारणाऱ्या गोळ्या आणल्या. धावतच जिना चढले. दिल्या तर — त्यांची स्वतःची फुप्फुसं कधीच — नाही दिल्या तर —
बाबा समोर बसलेत. हसतायत. विचारतात, एवढी धावलीस, दम लागला का?
नाही लागला.
लिहायला बसल्यापासून मी एकदाही —