सामंतांच्या जागेवर

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

ड्रॉइंग हॉलमध्ये दोन कॉम्प्युटर आले. खोकी फोडण्यातच सकाळ गेली. दुपारी आमचे मुख्य डी.के. साहेब, त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. यापुढे पाइपलाइनची ड्रॉइंगं हळूहळू कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, जाणार. शिकायला तिघं निवडलेत. तिघंही दिवाळीनंतर लागलेली पोरं.

मी विचारलं, साहेब, माझं नाव?

"ललिताताई, तुमच्यासारखं ट्रेसिंग अख्ख्या बेलापुरात कुणाचं नाही. तुम्हाला काय गरज?"

कौतुकच केलं म्हणायचं. पण ज्या कामाचं कौतुक, तेच काम जाणार आहे. हे त्यांना कळतंय की नाही कोण जाणे. मला कळलं.

५ फेब्रु., बुध.

वाशीला कॅडचा क्लास सापडला. सकाळी सातची बॅच. नेरुळहून वाशी, मग उलटं बेलापूर. दगदग आहे, जमेल. यशवंत म्हणाला, "डबे माझ्याकडे. फक्त मेथी निवडायला सांगू नकोस." पल्लवीची दहावी तोंडावर. ती म्हणते, "आता घरात दोन परीक्षार्थी. पप्पा एकटेच मोकळे."

नवऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत याचंच मला जास्त आश्चर्य. विचारलं तर म्हणाला, तू ठरवलंस की माझं मत विचारतेस, मला माहितीये.

१४ फेब्रु., शुक्र.

आठवडाभर माऊसशी झटापट. हात सवयीने पेन धरायला जातो. आज पहिल्यांदा पूर्ण ड्रॉइंग उतरलं. चूक झाली, एक कळ दाबली, रेघ गायब! इतकी वर्षं ब्लेडने शाई खरवडत बसलो आपण. क्लासमध्ये एकटीच हसले. शेजारचा पोरगा बघायला लागला.

ऑफिसात म्हात्रेंना सांगितलं. त्यांचा ड्रॉइंग बोर्ड माझ्या शेजारी. घणसोली गावातले. मी नवी लागले तेव्हा पेन कसं झुकवायचं ते त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "बाय, तू शिक. मना नको सांगू. माजा हात हाय ना."

त्यांचा हात आहे, खरंच आहे. पण...

२४ फेब्रु., सोम.

क्लासच्या फर्नांडिस मॅडमना विचारलं, याच्यानंतर कुठला कोर्स करू? त्यांनी उलट मलाच विचारलं, "आणखी तीन वर्षांनी कुणाच्या जागेवर बसायचंय?"

म्हणाल्या, आधी तो माणूस ठरव. तो दिवसभर काय करतो ते बघ. मग कोर्स निवड.

बसमध्ये डोक्यात तेच. डिझायनर सामंतांच्या जागेवर! मनात म्हटलं आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही.

२८ फेब्रु., शुक्र.

चार दिवस सामंतांवर नजर. ते ड्रॉइंग काढतच नाहीत! पाइप कुठून न्यायचा ते ठरवतात. क्लायंटशी भांडतात. आठवड्यातला निम्मा वेळ साइटवर. म्हणजे मी कॅड कितीही शिकले तरी पुन्हा दुसऱ्याने ठरवलेल्या रेघाच काढणार. फक्त बोर्ड बदलणार.

प्लॅन बदलला. कॅड पूर्ण करायचं. पण त्याच्याबरोबर साइट.

१६ मार्च, रवि.

जासईला जाऊन आले, यशवंतला घेऊन. तिथल्या कंटेनर यार्डात आपल्या कंपनीचं आग विझवायच्या पाण्याच्या पाइपलाइनचं काम सुरू होणार आहे. वॉचमनने आत सोडलं. ऊन मी म्हणत होतं. साइट ऑफिस बघितलं, उरणच्या बसच्या वेळा विचारल्या. यशवंत कंटेनरच्या सावलीत उभा राहून म्हणाला, "लोक बायकोला रविवारी एलिफंटाला नेतात."

१७ मार्च, सोम.

डी.के.ना सांगितलं, मला जासईला पाठवा.

"साइटवर? तिथे बायकांची सोय नाही हो."

"आहे. साइट ऑफिसच्या मागे. कालच बघून आले."

"येण्याजाण्याचं काय?"

"बस आहे. वेळा विचारून आले."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. महिनाभरासाठी हो म्हणाले. तिथेच बसलेले सामंत हसत होते.

७ एप्रिल, सोम.

साइट सुरू. डोक्यावर हेल्मेट, पायात यशवंतचे जुने बूट, आत दोन मोजे. साडी घरी, पंजाबी ड्रेस. क्लायंटचे इंजिनिअर नायर मला बघून म्हणाले, सामंत कुठे? म्हटलं, सामंत गुरुवारी. बाकीचे दिवस मी.

कागदावर बोटभर दिसतं ते इथे चालता चालता पाय दुखेपर्यंत लांब आहे.

१८ एप्रिल, शुक्र.

आज ट्रेलर वळताना बघत बसले. कोपऱ्यावर मागची चाकं आत येतात, नेमकी आपला व्हॉल्व्ह येणार तिथून जातात. खात्री करायला तीन ड्रायव्हरना वळायला लावलं आणि चाकांच्या मागोमाग खडूने खुणा केल्या. एक ड्रायव्हर म्हणाला, "म्याडम, रांगोळी काढतेस काय?"

खोदायला अजून सुरुवात नाही. आत्ताच हलवलं तर काहीच बिघडत नाही. नायर म्हणतात, ड्रॉइंग मंजूर झालंय, आता बदल नाही. सामंतांना फोन केला. म्हणाले, "तूच पटव. मी मध्ये पडत नाही." राग आला आधी. मग लक्षात आलं की हेच तर शिकायला आलेय.

२२ एप्रिल, मंगळ.

सकाळी क्लासमध्येच नवी लाइन कॅडवर काढली. फर्नांडिस मॅडमनी प्रिंट काढू दिला. तो घेऊन सरळ जासई. नायरना कोपऱ्यावर नेलं, खडूच्या खुणा दाखवल्या, ट्रेलर वळताना दाखवला. वाकून खुणा बघितल्या, खिशातलं पेन काढलं. मग "सही कुठे करू?"

घरी येताना श्रीखंड आणलं. पल्लवीने विचारलं, कुणाचा वाढदिवस? म्हटलं, माझाच समज.

१२ मे, सोम.

परत हॉलमध्ये. महिनाभरात चित्र बदललंय. मागची बोर्डांची ओळ काढून टाकली, तिथे आणखी कॉम्प्युटर. म्हात्रेंचा बोर्ड आहे अजून. पण त्यांच्याकडे काम नाही. नुसते पेन धूत बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आले. हातातलं पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "शिकव मना."

मी खुर्ची ओढून दिली. त्यांनी माऊस असा धरला, जसा मासा निसटेल हातातून. दोघं हसलो.

३० मे, शुक्र.

म्हात्रेंची शिकवणी रोज, डबा खाऊन झाल्यावर. सावकाश जमतंय. चिडतात, उठून जातात, चहा पिऊन परत येतात. कॅडला निवडलेल्या तिघांतला रूपेश (वेगवान पोरगा, मनाचा चांगला) आपणहून मदतीला बसतो. त्याच्या ड्रॉइंगमध्ये म्हात्रे लगेच चुका दाखवतात. एक म्हात्रेंनी दाखवलेली चूक चूकच नव्हती. रूपेशने पटवून दिलं, म्हात्रेंनी मान्य केलं. बरं वाटलं.

९ जून, सोम.

सामंत गल्फला चालले. डिझायनरची जागा रिकामी. आतल्याच माणसांतून भरणार. पल्लवी पास झाल्याचे पेढे वाटायला नेले होते, आणि ही बातमी. अर्ज केला.

१२ जून, गुरु.

म्हात्रेंनीही अर्ज केला. स्वतःच सांगायला आले. "बाय, रागावू नको. सिनियर मीच हाय."

"रागावू कशाला? मी माझा मागे घेणार नाही, एवढं सांगते."

"घेतलास तर बोलनार नाय तुज्याशी."

मग जेवणाच्या सुट्टीत दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारून तयारी केली. रूपेश म्हणाला, तुम्ही दोघं येडे आहात.

घरी यशवंतला सांगितलं. सगळे बोलतायत, ज्याच्याकडे काम नाही त्याला मुदतीआधी रिटायर करणार. म्हणजे मला मिळालं तर म्हात्रे... तो म्हणाला, "तू हरलीस म्हणून त्यांची नोकरी वाचणार नाही." बरोबर आहे. तरी जेवण गेलं नाही.

४ जुलै, शुक्र.

इंटरव्ह्यू. फोर्टच्या मुख्य ऑफिसचे मोठे साहेब आले होते. कामाचं सगळं नीट सांगितलं. खडूच्या खुणांची गोष्ट नायरनी आधीच त्यांच्या कानावर घातली होती! शेवटी मोठे साहेब म्हणाले, "महिनोन् महिने साइटवर राहावं लागलं तर घरचं कोण बघेल?"

"म्हात्रेंना विचारलंत का हे?"

मग डी.के. मोठ्याने हसले आणि साहेबही हसले. घरी येईपर्यंत वाटत होतं, जास्त बोलले का. नाही. बरोबर बोलले.

११ जुलै, शुक्र.

मिळाली! जागा मिळाली.

डी.के.नी केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. आणि मग, "तुमच्या हाताखाली एकच माणूस देता येईल. रूपेश की म्हात्रे? सोमवारी सांगा. दुसऱ्याचं फोर्टवाले बघतील."

कसं बघतील ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१३ जुलै, रवि.

घणसोलीला म्हात्रेंच्या घरी. त्यांच्या बायकोने सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. जागा मला मिळाल्याचं त्यांना कळलं होतं. हात जोडले, म्हणाले, "माज्या शेजारची पोर डिझायनर झाली." हाताखाली एकच माणूस मिळणार हेही सांगितलं, लपवलं नाही. ताट बाजूला सारलं त्यांनी.

"माज्यासाठी भीक मागू नको. रूपेशला घे. तो धावतो."

"भीक नाही मागत. मला धावणारा पण हवा आणि ड्रॉइंग साइटवर जाण्याआधी नजर घालणारा पण हवा."

"आनि नाय बोलले तर?"

मी भाकरी संपवली.

१४ जुलै, सोम.

डी.के.नी विचारलं, कोण? म्हटलं, दोघं. कारणं सांगितली. रूपेश ड्रॉइंग काढेल, म्हात्रे तपासतील. पुढच्या वर्षी रूपेश माझ्याबरोबर साइटवर येईल, म्हात्रे नव्या पोरांना तयार करतील. प्रत्येकाने पुढे कुठे जायचं तेही सांगितलं. माझ्यासकट.

"ललिताताई, हे माझ्या हातात नाही. आणि फोर्टवाले नाही म्हणाले तर एक नाव द्यावंच लागेल."

"कोणाच्या हातात आहे? मी बोलते त्यांच्याशी."

डी.के.नी हातातली फाइल मिटली. मग फोन जवळ ओढून स्वतःच नंबर फिरवला. मोठे साहेब मीटिंगमध्ये. संध्याकाळी परत लावला, निघून गेलेले. उद्या सकाळी पुन्हा लावणार आहेत. मी सांगून आलेय, लावाल तेव्हा मला आत बोलवा, मी समोर बसणार.