बारा नंबरच्या खोलीतला फोन

आई, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी अजून रायपूरला, आपल्या तात्यापाऱ्यातल्याच घरात आहे. अडुसष्ट वर्षांची झाले. तुझे जावई चार वर्षांपूर्वी गेले. पोरगी बंगलोरला असते. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरले आणि कामवाली येईपर्यंत दोन तास फरशीवर पडून राहिले. तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलं: "मम्मी, एक बार देख तो लो." शहराबाहेर, नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, रिटायर झालेल्या माणसांसाठी एक वसाहत झाली आहे. तिथे आधी पाच दिवस राहून बघता येतं. माघ महिन्यात मी एक बॅग भरली आणि गेले.

चांगलं आधी सांगते. तू रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलास, कुठल्याही इमारतीत शिरलीस की आधी नाकाने तपासायचीस. मीही तेच केलं. वास स्वच्छ होता. कुठे उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडे, न्हाणीघरात घंटीचं बटण, नर्स दिवसरात्र हजर. पोळी मऊ, डाळ गरम, ताट हातात आयतं. मला बारा नंबरची खोली मिळाली. जेवायला माझ्या टेबलावर तिघं होती: एक रिटायर प्रोफेसरीणबाई, तिची बहीण, आणि भिलाईच्या प्लांटमध्ये इंजिनिअर असलेले एक भाऊसाहेब. सगळे मला 'दीदी' म्हणत. पहिल्या दिवशी भाऊसाहेबांनी प्लांटमधल्या साहेबाची नक्कल केली आणि मी इतकी हसले की ठसका लागला. घरी शेवटचं कधी हसले होते, मला आठवेना.

खटकलं ते दुपारी. दोन ते चार सगळे झोपतात आणि लांबच लांब व्हरांड्यात चिटपाखरू नसतं. प्रत्येक दारावर पितळेची छोटी चौकट आहे, तिच्यात नावाचं कार्ड सरकवतात. मी वाचत वाचत चालले. मध्येच एखादी चौकट रिकामी असे आणि बाकीच्या चौकटींपेक्षा जास्त घासलेली. दुसऱ्या दिवशी जेवायला गेले तर आमच्या टेबलाला तीनच खुर्च्या. भाऊसाहेबांची खुर्ची रिकामी नव्हती, आई, ती तिथे नव्हतीच. मी विचारलं, "भाईसाहब नहीं आए?" प्रोफेसरीणबाईंनी वाटी माझ्याकडे सरकवली. "दाल लीजिए दीदी, ठंडी हो जाएगी." एवढंच. कोणी रडलं नाही, कोणी नाव घेतलं नाही. परतताना भाऊसाहेबांच्या दारासमोर फरशी ओली होती आणि फिनेलचा वास येत होता.

आणि फोन. पहिल्याच दिवशी चार वाजता खोलीतला इंटरकॉम वाजला. म्हाताऱ्या बाईचा आवाज, आपल्या बोलीतला. "उठली का वं?" मी म्हटलं, "कोण बोलतंय?" तर म्हणे, "चहा घेऊन घे. आज आलं टाकलं आहे." आणि ठेवून दिला. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, "सात नंबर वाली अम्माजी हैं. आपके कमरे में उनकी सहेली थीं, दिवाली के बाद नहीं रहीं. अम्माजी भूल जाती हैं. आप बस हाँ-हव बोल दिया करिए."

दुसऱ्या दिवशी मी हव म्हटलं. "कंबर दुखून राहिली का?" हव. "पोट्टीचा फोन आला का?" हव. तिसऱ्या दिवशी पावणेचारलाच मी फोनजवळ खुर्ची ओढून बसले होते. तुला हसू येईल, पण माझ्याशी आपल्या बोलीत बोलणारं कोणी उरलं नव्हतं गं. मेलेल्या बाईच्या नावाने का होईना, मला कोणी विचारत होतं, कंबर दुखते का म्हणून.

तुझं शेवटचं वर्ष मला त्याच खुर्चीत आठवलं. मी ऑफिसातून येऊन चपला काढते आहे आणि तू पलंगावरून विचारते आहेस, "माही आई आली का वं?" रोज. आणि रोज मी सांगते, "तुही आई मरून चाळीस वर्षं झाली!" तू पदर तोंडाशी नेतेस. जणू तार आत्ताच आली आहे. मग तासभर मुसमुसतेस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतेस. तुझे जावई एकदा म्हणाले होते, "हव म्हणून दे ना. तुझं काय जाते?" मी त्यांच्यावरच खेकसले, "खोटं काहून बोलू?" हिशेब लावला तर मी तुला तुझ्या आईच्या मरणाची बातमी दोनशे वेळा तरी दिली असेल. मला वाटायचं, मी तुला भानावर आणते आहे.

चौथ्या दिवशी फोन चारच्या आधी वाजला. आवाज खालचा, घाईचा. "अवं, तुही आई आली आहे. खाली बागेत बसली आहे. ये लवकर."

मी हव म्हटलं. फोन ठेवला. मला सगळं ठाऊक होतं, आई. ती कोणाशी बोलते आहे, तिला काय झालं आहे, सगळं. तरी मी लुगडं बदललं. केस विंचरून अंबाडा घातला, तोंडावरून ओला हात फिरवला आणि लिफ्टने खाली गेले. लिफ्टमधला दांडा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

कण्हेरीच्या कुंपणाशी सिमेंटचा बाक आहे. बाक रिकामा होता. शेजारी व्हीलचेअरमध्ये शाल गुंडाळलेली एक एवढीशी बाई बसली होती. मी म्हटलं, "तुम्हीच फोन करता ना? मी बारा नंबरात आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ होते. "बारा नंबरवाली तर गेली. दिवाळीनंतर."

"मग फोन कोणाले करता?"

"जो उचलते त्याले."

तिने बाकावर हात फिरवला, लहान मूल उठून गेल्यावर अंथरूण चाचपावं तसा. "इथं बसली होती. तुनं उशीर केला. आत्ताच उठून गेली."

"काही बोलली का?"

"नाही वं. थकली होती. दवाखान्यातून सरळ आली म्हणे, ड्यूटी करून."

तू दवाखान्यात होतीस हे मी तिथे कोणालाही सांगितलं नव्हतं. नर्सला नाही, टेबलावरही नाही. मी बाकावर बसले. तिथली कामाची मावशी तिला आत घेऊन गेली तरी मी बसूनच होते. जेवणाची घंटी झाली तरी उठवेना.

घरी आल्यावर पोरीचा फोन. "तो क्या सोचा, मम्मी?" मी म्हटलं, नर्स आहे, दांडे आहेत, जेवण गरम मिळतं. तिने सुटकेचा श्वास सोडला तो मला इथपर्यंत ऐकू आला. मॅनेजरने बागेकडची मोठी खोली देऊ केली होती. मी बारा नंबरच मागितली. पाडव्यानंतर जाणार आहे. तुझी पितळेची पातेली शेजारच्या सुनेला दिली, ती वापरते आहे.

हे पत्र मी कपाटातल्या कागदांखाली ठेवून देईन. पोरीच्या हाती लागलं तरी माझं अक्षर तिला लागत नाही. तुला म्हणून सांगते, तिथल्या दुपारची मला भीती वाटते. त्या आवाजाची वाटते, पुढच्या वेळी बाकावर खरंच कोणी बसलेलं असेल याची तर फारच वाटते. या घरात मला कसलीच भीती वाटत नाही. म्हणूनच इथे राहवत नाही.