तुझ्या गाडीच्या नाकाची मापं

चि. भोंग्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

(बेचाळीस वर्षांच्या माणसाला पत्रात त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी, असं तुझे भाऊजी म्हणतात. पण जो मुलगा जेवायच्या ताटाचं स्टिअरिंग करून तोंडाने भोंगा वाजवत घरभर फिरायचा, त्याला मी दुसरं काय म्हणू?) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी खुशाली कळवायची पद्धत तू बंद केली आहेस, म्हणून मीच विचारते. खोकला गेला का? भाड्याच्या खोलीची खिडकी अजून अर्धीच उघडते का? वेळेवर जेवतोस, की ऑफिसातल्या बिस्किटांवर भागवतोस? उत्तरं देऊ नकोस, मला माहीत आहेत. फोनवर मी गाडीचं नाव काढलं की नेमकी तुझी रेंज जाते, म्हणून हे पत्र. कागदाची रेंज जात नाही आणि तो मध्येच ठेवूनही देता येत नाही. (ठेवलास तरी पुन्हा उचलशील, मी तुला ओळखते.)

गेल्या वर्षीच्या डोंगरचढणीच्या शर्यतीनंतर तू गाडी माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये लावलीस, किल्ली बटणांच्या डब्यात टाकलीस आणि "माझ्यातला दम संपला, ताई, विकून टाक ती गाडी" असं सांगून नोकरीच्या गावी निघून गेलास. अकरा वर्षं तू ती शर्यत धावलास, चार वेळा पहिला आलास, आणि एका वर्षी सातव्या वळणानंतर मागे पडलास तर लगेच म्हातारा झालास. (मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. म्हातारं व्हायचंच असेल तर आधी माझा नंबर लागतो. रांगेत घुसू नकोस.) तरी मी तुझा शब्द मोडला नाही. फक्त विकायची म्हटल्यावर वस्तू नीट करून द्यायची, हा माझ्या दुकानाचा नियम. उसवलेला कोट मी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही, मग चढावर दम लागणारी गाडी कशी देऊ? केवळ एवढ्यासाठी मी तुझ्या मेस्त्रीला बोलावलं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

तुझा मेस्त्री भला माणूस आहे, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे एक शिक्षाच. काम करताना तो ओठांत एक नट धरून ठेवतो, आणि जे काही सांगायचं ते त्या नटाच्या बाजूने सांगतो. निम्मं मला समजत नाही, उरलेलं निम्मं तो बोलत नाही. तरी चार दिवसांत मी त्याच्याकडून इंटरकूलर शिकून घेतला. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण मला नुकतंच कळलं आहे, त्यामुळे तुला ऐकावं लागेल. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. कोंबलेली हवा तापते. तापलेली हवा इंजिनाला पचत नाही. म्हणून ती आधी गाडीच्या नाकामागे बसवलेल्या त्या पातळ पट्ट्यापट्ट्यांच्या पेटीतून फिरवायची, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याने ती पेटी थंड ठेवायची. म्हणजे सगळा खेळ वाऱ्याचा. मेस्त्रीने पेटीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक तापमापक खुपसला आणि गाडी टेकडीवरून फिरवून आणली. बाहेरची हवा तीस अंश, पेटीतून निघालेली पंच्याहत्तर! मी म्हटलं, याला थंड करणं म्हणतात? मेस्त्रीने नट या गालातून त्या गालात नेला.

मग मी टेप काढला. तीस वर्षं माणसांची मापं घेते आहे, गाडी काय वेगळी? नाकाचं भोक ऐंशी सेंटिमीटर, आतली पेटी साठ. बाजूंना दोन्हीकडे हाताचा पंजा जाईल एवढी फट. म्हणजे आत शिरलेला वारा पेटीतून कशाला जाईल, त्याला बाजूने मोकळा रस्ता आहे! माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं येतात, दुकानात शिरतात, पंख्याखाली उभी राहतात, आरशात बघतात आणि काही न शिवता मागच्या दाराने निघून जातात. शिवाय पेटीच्या बरोबर समोर तू दोन भोंगे टांगले होतेस, ताटलीएवढे. (नाव राखलंस हो.) ते मेस्त्रीने काढून खाली कोपऱ्यात बसवले. नंबरप्लेट मधोमध होती, ती एका बाजूला सरकवली. तुझे भाऊजी शाळेत भूमिती शिकवत असल्यामुळे त्यांना टेपचं दुसरं टोक धरायला दिलं होतं. त्यांनी ते मनापासून धरलं, पण वाऱ्याची दिशा कागदावर काढता येते असं ते म्हणू लागले, तेव्हा टोक परत घ्यावं लागलं.

वारा खरंच कुठे जातो ते बघायला मी लोकरीचे बोटभर धागे कापून गाडीच्या नाकावर ओळीने चिकटवले. धागे आत ओढले गेले तर वारा आत, बाजूला आडवे झाले तर बाजूला. युक्ती माझी. अडचण एवढीच की धागे नाकावर, आणि आम्ही दोघं स्कूटरवर गाडीच्या मागे. मागून नाक दिसत नाही, हे ध्यानात यायला आम्हाला दोन किलोमीटर लागले. मग स्कूटर पुढे आणि गाडी मागे असं ठरलं, आणि एकावन्न वर्षांची तुझी ताई स्कूटरवर उलटी बसली. तुझ्या भाऊजींच्या पाठीला पाठ लावून, मापांची वही मांडीवर, तोंड गाडीकडे. तुझे भाऊजी सरळ रस्त्यावरसुद्धा वळायचा हात दाखवतात, त्यामुळे दर शंभर पावलांवर मी एका बाजूला कलत होते. अशा अवस्थेत तुझ्या भाऊजींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका समोर आल्या. त्यांचा कोट पंधरा दिवस माझ्याकडे अडकला आहे, आणि आदल्याच दिवशी मी त्यांना हात दुखतो म्हणून निरोप धाडला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी नमस्कार केला, आणि तो करताना वही सुटली. ती मेस्त्रीच्या चाकाखाली गेली. (सगळ्या गिऱ्हाइकांच्या छात्या आता टायरच्या नक्षीत वाचाव्या लागतात.) पण धागे बघायचे ते बघून झाले होते. एकूण एक धागा आडवा! जणू कुणी दार लावून घेतलं होतं. मेस्त्री उतरला, नाकासमोर उभा राहिला, नाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओठांतला नट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला.

मी म्हटलं, फटी बुजवू. दप्तरांसाठी आणलेलं जाड कापड होतं, त्याचं नाकापासून पेटीपर्यंत फनेल बेतलं. पण बेत सैल झाला. मोठं तोंड ठेवलं की जास्त वारा येईल असं मला वाटलं, आणि वेग घेतल्यावर ते कापड शिडासारखं फुगून फडफडायला लागलं. बस थांब्यावर पेपर वाचणाऱ्या एका गृहस्थापाशी ते सुटलं आणि थेट त्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. त्यांनी ते शांतपणे काढून घडी करून परत दिलं. एवढा सुसंस्कृत माणूस मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

दुसऱ्या वेळी मी घट्ट बेतलं, आत पातळ पत्र्याची पट्टी घातली, कडांना स्पंज लावला. चुकूनही वारा निसटू नये म्हणून जिथे जिथे उघडी कड दिसली तिथे दुमडून शिवून टाकली. उघडी कड बघवत नाही, हा माझा जुना रोग. त्या भरात इंजिनाखालची एक मोठी फटही मी बंद केली. आता ती फट म्हणजे तापलेला वारा बाहेर पडायचा रस्ता होता, हे मला कुणी सांगायचं? ज्याने सांगायचं त्याच्या तोंडात नट! वारा आत गेला आणि आतच राहिला, पेटीमागचा रेडिएटर उकळला, आणि गाडी वाफ सोडत जिथे थांबली ते शाळेचं फाटक निघालं. मुख्याध्यापिका स्वतः पाण्याची बादली घेऊन आल्या. नुसत्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. त्यापेक्षा कोटाबद्दल बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

खालची शिवण उसवली, आत येणाऱ्याची आणि बाहेर जाणाऱ्याची सोय वेगवेगळी केली, आणि तापमापक अठ्ठावन्नावर आला. मला आनंद झाला, मेस्त्रीला झाला नाही. तो म्हणाला, अजून कुठेतरी अडतंय. दुसऱ्या दिवशी धुण्याचा वार होता. दुपारी मेस्त्री गाडी घेऊन टेकडीवर जाऊन आला आणि त्याने तापमापक माझ्या डोळ्यांपुढे धरला. बेचाळीस! गाडी सातव्या वळणापुढे अशी गेली म्हणे, की त्याच्या तोंडातला नट गिळला जाता जाता राहिला. मी कात्री खाली ठेवली आणि शेडमध्ये जाऊन जरा वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिले. का ते विचारू नकोस.

तर अशी ही हकीकत. तुझ्या आज्ञेप्रमाणे गाडी विकायला तयार आहे. खिडकीला तेल घाल, ती पूर्ण उघडेल. तुझे भाऊजी आशीर्वाद सांगतात आणि भूमितीने हेच उत्तर आधी आलं असतं असंही सांगतात.

तुझी, बटणांचा डबा सांभाळून असलेली,
ताई

ता. क. १ : गाडी विकलेली नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाने दार जोरात आपटलं. दुसरा चांगला होता, त्याने दार हळू लावलं, सगळं आवडलं म्हणाला, म्हणून त्याला मी सांगितलं की गाडीला चढावर दम लागतो. देव मला क्षमा करो.

ता. क. २ : शर्यतीचा अर्ज आला होता. मालकाच्या जागी आणि चालकाच्या जागी तुझंच नाव लिहून दिला आहे. (दुसऱ्यासारखी सही करायला मी तू तिसरीत असल्यापासून शिकले आहे, प्रगतिपुस्तकांवरच्या बाबांच्या सह्या आठव.) नाव मागे घ्यायचं तर माणसाने स्वतः हजर राहून घ्यावं लागतं, असा नियम आहे. मी विचारून आले. तेव्हा नाही म्हणायलाही तुला इथेच यावं लागेल.

ता. क. ३ : हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या वर्षी शर्यतीच्या आधी तू मला दाखवलं होतंस, खडे लागून पेटीच्या पट्ट्या कशा वाकतात ते. मी लगेच तिच्यासाठी जाळी शिवली. साधी नाही, दुहेरी, बारीक विणीची, कडेला गाडीच्या रंगाची पट्टी आणि कोपऱ्यात तुझं पहिलं अक्षर भरून. उघडं, विरळ मला काही जमतच नाही. त्या धुण्याच्या दिवशी ती जाळी मी गाडीच्या नाकावरून काढून, धुऊन दोरीवर वाळत घातली होती, आणि मेस्त्री तशीच गाडी घेऊन गेला. अठ्ठावन्नाचे बेचाळीस झाले ते त्यामुळे. मी त्याला खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने एकदाचा तो नट तोंडातून काढला आणि सांगितलं, "मी त्यांना शर्यतीच्या सकाळीच म्हटलं होतं, ही काढा, वारा अडतोय. ते म्हणाले, ताईने शिवलीय, राहू दे. आणि तिला कधी सांगायचं नाही." भोंग्या, मूर्खा, वर्षभर तू माझी जाळी तुझ्या दमाच्या नावावर खपवलीस, आणि मी तुलाच म्हातारा म्हणून हसत बसले. माझं चुकलं. जाळी आता दुकानाच्या खिडकीला लावली आहे, डास येत नाहीत. तू ये. या वेळी हरलास तर निदान स्वतःच्या चुकीने हर.