वाळल्या कडब्याची परीक्षा

पाथर्डी, ता. ३ फेब्रुवारी १९७४

ती. गोरखदादास धाकट्या बहिणीचा, लंकाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं समदी खुशाल. तुमच्या कारखान्याचं कडबाकुट्टी यंत्र घरी आलं, पूजाबी केली. पर दादा, दोन पेंढ्या कापल्या की अडकतंय. शेजाऱ्यांचीबी तीच रड. दुकानदार म्हनतो, पुढच्या येळी परजिल्ह्यातला माल आननार. हे म्हनले, लिहू नको, दादाला वाईट वाटंल. मी म्हनलं, वाटू द्या. माया हाय ती असू द्यावी.

तुझी लंका

देवळाली प्रवरा, ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. लंकास अनेक आशीर्वाद वि. वि.

मी इथला फोरमन आहे. प्रत्येक यंत्र तपासल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. तूच चाक उलटं फिरवत असशील. रविवारी येऊन कापून दाखवतो. दाजींना सांग, पुरणपोळी तयार ठेवा. कळावे, लोभात काटकसर नको.

तुझा गोरखदादा

देवळाली प्रवरा, ता. २८ मार्च

चि. सौ. लंकास अ. आ. वि. वि.

त्या रविवारी तुझ्याकडं माझ्याच हातून यंत्र अडकलं. सगळी आळी हसली. तू हसली नाहीस, चहा पुढं केलास, तेच जास्त लागलं.

परतल्यावर मालक आबासाहेबांना सांगितलं, की आपण उसाच्या हिरव्या वाढ्यावर, म्हणजे ओल्या शेंड्यांवर यंत्र तपासतो, पाथर्डीला तर वाळका कडबा. ते तपासनिसावर भडकले. मी म्हटलं, तो बिचारा कामाच्या रांगेत शेवटी उभा. पात्याला धार नीट बसली नाही तर जोडणारा बघेल म्हणून धारवाला पुढं ढकलतो, जोडणारा तपासनिसावर सोडतो. आता ठरलंय, पुढचा कारागीर हेच आपलं गिऱ्हाईक. खोट दिसली की कुणीही काम थांबवावं. सुरुवातीला माल निम्माच निघाला, आबासाहेबांना जेवण गोड लागेना. फसलं तर मला घरी पाठवा, असं बोलून बसलो. आता तुमच्याकडचाच कडबा आणून तपासतो. तुझ्यासाठी नवी पाती आणि दुकानदाराकडं एक यंत्र पाठवलंय. लगेच कळव.

तुझा गोरखदादा

पाथर्डी, ता. ९ एप्रिल

ती. दादास लंकाचा शि. सा. न. वि. वि.

बाजारच्या दिवशी दुकानदारानं यंत्र रस्त्यावरच मांडलं. ज्यानं त्यानं आपल्या घरची पेंढी आनली, कुनी बाजरीच्या वाळक्या ताटांचं सरमाडबी. एकदाबी अडकलं न्हाई. दुकानदारानं तिथंच आनखी यंत्रं मागवायचं ठरवलं. माजा भाऊ म्हनून कुनी भीड धरू नये, यासाठी तवर मी गप हुते. समद्या पेंढ्या संपल्यावर मग मोठ्यानं सांगितलं, हे माज्या दादाच्या हातचं हाय.

तुझी लंका