ऐनाचा कौल

५ एप्रिल १९९८, रविवार
आज पुन्हा आली! पुण्याची वृषाली मॅडम. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, हातात वही. देवराईतल्या जुन्या ऐनाच्या झाडासमोर सकाळी सातला बसली, ती दुपारी एकला उठली. काय केलं? पाखरं पाहिली! हळद्या, तांबट, सर्पगरुड — सगळ्यांची हजेरी वहीत. एवढं शिकून माणूस असा वाया जातो.

१२ एप्रिल
म्हणते, ऐनाच्या ढोलीत धनेशाची मादी कोंडून बसली आहे. स्वतःच दार लिंपून घेतलं, एक फट तेवढी ठेवली. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. नर बाहेरून भरवतो. मी म्हटलं, "आमच्या साळुबाईलाबी सांगा, बसून खायला लई आवडंल." बायकोच्या कानावर गेलं. संध्याकाळचा चहा बंद!

१९ एप्रिल
मंदिराच्या मंडळाचे भगवंतराव आले होते. सभामंडपाला तुळया हव्यात, ऐन तोडायचा. "गुरवबुवा, उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी कौल लावा. देव हो म्हणला की मंगळवारी करवत."

आमच्या देवराईतली काडीसुद्धा कौलाशिवाय हलत नाही. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवायचे. उजवीकडचे आधी गळले तर होकार, डावीकडचे तर नकार. गाभाऱ्यात मी एकटाच. गाव बाहेर थांबतं आणि मी सांगेन ते देवाचं म्हणून ऐकतं. एकतीस वर्षं झाली, कधी खोटा कौल सांगितला नाही. याचा मला माज आहे, इथे लिहायला काय हरकत!

मॅडम हात जोडत होती. "जूनपर्यंत थांबा हो, पिल्लं उडून जातील. आत्ता झाड पडलं तर ती आतच मरेल."

भगवंतराव म्हणाले, "पाखरापायी देवाला उन्हात ठिवायचं का, राव?"

मी हसलो. चांगला मोठ्याने.

२१ एप्रिल
मॅडम आज रडली म्हणे. पाखरासाठी! घरात माणसं नसावीत.

२५ एप्रिल
पूजेआधी ऐनाखाली गेलो. मॅडमचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून, दुसरं काही नाही. अर्धा तास मान दुखली, पाखरू काही दिसेना. उठणार, तेवढ्यात नर आला. घशातून एकेक उंबर वर काढायचा, फटीत धरायचा. आतून नुसती चोच यायची. शेवटचं उंबर खाली पडलं, तर तो घाबरल्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला.

साठ वर्षं या झाडाखालून जातोय मी. कधी मान वर केली नाही. लाज वाटली.

मॅडमला यातलं काही सांगणार नाही! डोक्यावर बसेल.

२७ एप्रिल, सोमवार
उजवीकडचे तांदूळ आधी गळले. बाहेर आलो आणि गावाला सांगितलं — देव नाही म्हणाला.