राणी छाप रुपया आणि पंचामृत

थेरगाव
(पत्ता पूर्ण लिहीत नाही. तुम्हाला तो पाठ आहे, फक्त हल्ली वाट सापडत नाही.)

नाणेतज्ज्ञ, कुलभूषण, आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू श्री. चिमाजीराव यांना दाजी नवनाथचा कमरेतून वाकून नमस्कार. (नात्यानं वाकायचं तुम्ही, पण तुमच्या कर्तबगारीपुढं माझी कंबर आपोआप वाकली.) तब्येत कशी आहे? सुमनवहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुमचा फोन दिवाळीपासून बंद लागतोय, म्हणजे तुम्ही ठणठणीत असणार. आजारी माणूस फोन उचलतो. शेवटी कागद-पेन घेऊन बसलो, कारण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तर हकीकत आहे तुम्ही मला दिलेल्या राणी छाप रुपयाची. आठवतोय ना? मखमली डबीत कापसाच्या गादीवर झोपवून आणला होतात. "दाजी, बाहेरच्याला ह्यो नुसता दाखवत बी न्हाई मी," असं म्हणाला होतात. (खरं बोललात. बाहेरच्यानं तो उजेडात धरून बघितला असता.) राणीच्या मुकुटापाशी एक टेंगूळ मला दिसलं होतं. मी विचारलं, तर तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात आणि सांगितलंत, की ही टांकसाळीतली चूक आहे, अशा चुकीच्या नाण्यांवर शौकीन लोक जीव टाकतात, म्हणून तर भाव जास्त. आणि मी, जो चाकणच्या कंपनीत दिवसभर गेज लावून केसाएवढ्या चऱ्यासाठी लोकांचा माल परत पाठवतो, त्या मी टेंगळाचे जादा पैसे मोजले. बोनस आला होता, अक्कल रजेवर होती.

हा रुपया मी स्वतःसाठी घेतला नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं. मिनलला आळंदीचं स्थळ आलं होतं. मुलगा आयुष हिंजवडीला नोकरीला, स्वभावानं गरीब, आणि मुख्य म्हणजे आमच्या पोरीला मनापासून आवडलेला. अडचण एकच, त्याचे वडील रंगराव. हा गृहस्थ रिटायर झाल्यापासून जुनी नाणी जमवतो. आम्ही मुलगा बघायला गेलो तर आधी नाण्यांचे तीन अल्बम बघावे लागले, मुलगा नंतर पोह्यांबरोबर आला. म्हटलं, ह्यांना एक अस्सल राणी छाप भेट दिली की सोयरीक पक्की. तुम्हीही म्हणालात, "भाचीच्या कामाचं हाय, म्हणून काळजावर दगड ठेवून देतो." दगड काळजावर नव्हता, चिमाजीराव, नाण्यात होता.

रंगराव बोलणी करायला आमच्याकडे आले त्या सकाळी तुमच्या भगिनीनं, वर्षालीनं, (हे घराणंच कलाकारांचं) ठरवलं, की चांदीचा रुपया म्हणजे लक्ष्मी, तिला आंघोळ घातल्याशिवाय परघरी धाडायची नाही. आधी चिंचेनं घासघासून घासला. मग ताम्हणात देवांच्या शेजारी ठेवून वरून पंचामृत ओतलं. मी कौतुकानं बघत होतो. पुढं पाहुण्यांना तीर्थ वाटलं. रंगरावांनी भक्तिभावानं तळहात तोंडाला लावला, काहीतरी दाताखाली आलं, त्यांना वाटलं खडीसाखर, आणि त्यांनी ती कडाडून चावली. कवळीचा पुढचा दात पंचामृतासकट त्यांच्या हातात आला. त्याच्या शेजारी एक राखाडी खडा.

पुढचं काय सांगू! रंगरावांनी ताम्हणातला रुपया उचलला, धोतराला पुसला आणि डोळ्याला लावला. राणीच्या मुकुटातल्या भोकातून ते थेट माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी बोबड्या तोंडानं सगळ्यांना समजावून सांगितलं, की हा रुपया कुणा बाईच्या गळ्यातल्या माळेतला आहे, ओवायला पाडलेलं भोक कुणीतरी बुजवलंय, आणि बुजवलंय कशानं, तर गाडीला पोचा आला की डेंटिंगवाले भरतात त्या लांबीनं, वर चांदीचा रंग मारून. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्या माहितीत चाकणला उभा जन्म गाड्यांना लांबी भरण्यात घालवलेला माणूस एकच आहे. तो सध्या हे पत्र वाचतोय.

रंगराव तसे मोठ्या मनाचे. म्हणाले, तुम्हाला फसवलंय कुणीतरी, तुमचा दोष न्हाई, पोरगी पसंत हाय. मग खुर्चीच्या हातावर मूठ आपटून म्हणाले, "पण हे नाणं इकणारा माणूस मांडवात दिसला, तर वरात मागं फिरवीन!" असल्या लोकांनी त्यांना आजवर चिक्कार गंडवलंय म्हणे. मी मान डोलावली. आत वर्षालीच्या हातून पातेलं पडलं. मिनलनं माझ्याकडं बघितलं, ते मला बघवेना. कारण नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं कुणी? मामानं. आणि पोरीला मामा एकच, तोही असला.

रंगराव गेल्यावर पोरगी ढसाढसा रडली. म्हणाली, लग्न करीन तर आयुषशीच, पण मामा नसेल तर बोहल्याकडं पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, चुलतमामा आणू, गल्लीतले बबनराव येतील, हौशी आहेत. तिनं आत जाऊन कडी लावून घेतली. खरं सांगतो राव, मलाही वाईट वाटलं. तुम्ही लबाड आहात, पण बारावीच्या परीक्षेला तिला रोज स्कूटरवर घेऊन जाणारे आणि पेपर सुटेपर्यंत उन्हात गेटवर उभे राहणारेही तुम्हीच. तेव्हा माझ्या खिशातून दमडी गेली नाही, आणि उन्हात मीही उभा नव्हतो.

म्हणून मी रंगरावांना थाप मारली, की नाणेवाला परका होता, गाव सोडून पळाला. (यातलं पळाल्याचं तरी खरंच आहे.) आता तुम्ही मुकाट्यानं लग्नाला यायचं. फेटा बांधायचा, पोरीला आणायचं, जेवायचं, घरी जायचं. मखमली डबी आणायची नाही. कुणी जुन्या नाण्यांचा विषय काढलाच, तर आम्ही सगळं यूपीआयनं करतो म्हणायचं आणि जिलेबी वाढायला निघून जायचं.

मेहुणा बदलून मिळत नाही, म्हणून अजूनही तुमचाच,
नवनाथ

ता. क. वर्षालीनं पत्र वाचलं. दादाला फार लागेल असं लिहिलंय म्हणते. सोबत चकल्या पाठवतेय. जपून खा, तिचं मोहन कमी पडलंय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात रंगरावांचा फोन आला. तो रुपया त्यांनी त्या दिवशी खिशात घातला होता. (भेट ती भेट.) आळंदीच्या सराफाकडून चांदी भरून, घासून-पुसून नवा करून घेतलाय. लग्नात भर मांडवात शालीवर ठेवून तो नवरीच्या मामाला मानाचा आहेर म्हणून देणार आहेत. मी चाचरत म्हटलं, अहो, पण ते भोकाचं नाणं... तर म्हणाले, "घरात ठिवून काय करायचं? आहेरात खपवायचं. मामाला कुठं नाण्यातलं कळतंय?" तेव्हा चिमाजीराव, आजपासून आरशासमोर उभं राहून सराव करा. दोन्ही हातांनी घ्यायचं, कपाळाला लावायचं आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं, "अस्सल दिसतंय!"